झिजलेल्या नगाची साक्ष

लेथच्या टेबलावर एक तुटका, तेलकट नग ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, "असाच एक बनवून द्या." जुन्या गाड्यांच्या कामातली निम्मी फसगत या एका वाक्यात आहे. असाच म्हणजे कसा? सत्तर वर्षं झिजून, वाकून, गंजून, दोनदा वेल्डिंग खाऊन आज जसा आहे तसा? की कारखान्यातून निघाला त्या दिवशी होता तसा? टर्नर बिचारा हातात आहे तेच मोजतो आणि नवा कोरा, चकचकीत, झिजलेला नग बनवून देतो.

पद्मिनीवाल्यांना हा प्रश्न अजून फारसा टोचत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत होती, मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. तिचे सुटे भाग दुकानांत नसले तरी भंगारात मिळतात. अडचण तिच्या मागच्या पिढ्यांची. पन्नाशीच्या दशकातली 'डुक्कर फियाट', तिच्याही आधीच्या मॉरिस, ऑस्टिन, आणि १९२८ पासून शिवडीला जुळणी होणाऱ्या शेवरोले. यांचा भाग गेला की तो बहुधा बनवावाच लागतो. बनवण्यासाठी ड्रॉइंग लागतं, ते नसतं. असतो फक्त जुना नग, आणि त्याची साक्ष अर्धवट असते.

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घेऊ, इंजिनाचा जळका धूर गोळा करून बाहेर नेणारी फाट्यांची नळी. हा भाग सगळ्यात जास्त वेळा तडकतो आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचा बनतो. फाउंड्रीत नेहमीचा शॉर्टकट म्हणजे तडा एम-सीलनं बुजवायचा आणि जुना मॅनिफोल्डच पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, म्हणून वाळूत दाबायचा. रस थंड होताना बीड साधारण १ टक्का आक्रसतं. दोन टोकांच्या फ्लँजमधलं (इंजिनाला कसायच्या सपाट कडांमधलं) अंतर ४०० मिमी असेल तर नवं ओतकाम ४ मिमी आखूड येतं. स्टडची, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांची, भोकं जुळत नाहीत. मग कोणीतरी गोल कानशीनं ती लांबट करतो, आणि पोर्टचं, म्हणजे धुराच्या वाटेचं, तोंड ब्लॉकच्या तोंडापासून सरकतं ते सरकतंच. ॲल्युमिनियमची आटणी साधारण १.३ टक्के, गनमेटलची दीडच्या आसपास, पोलादाची २. म्हणून पॅटर्नवाल्याकडे वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा तेवढाच मोठा कोरलेला असतो. ती पट्टी चुकून दुसऱ्या कामाला वापरली की काय होतं ते सांगायला नको.

आटणी धरली तरी जुन्या मॅनिफोल्डवर मापं घेऊच नयेत. वर्षानुवर्षं लाल होऊन थंड झाल्यानं त्याची टोकं वाकलेली असतात. सरफेस प्लेटवर (तंतोतंत सपाट पाटावर) ठेवला तर टोकाखाली एखाद मिलिमीटरची फट सहज दिसते. मापं घ्यायची ती ब्लॉकवरून, कारण ब्लॉक फारसा हललेला नसतो. ३ मिमी पत्र्याची एक पट्टी घ्यायची, स्टडच्या टोकांना निळा रंग लावून तिच्यावर ठसे उमटवायचे, भोकं पाडायची, ती पट्टी स्टडवर अलगद बसते का पाहायचं. पोर्टची तोंडंही तिच्यावरच आखायची. हीच पट्टी पुढे पॅटर्नला, ड्रिलिंगला आणि शेवटच्या तपासणीला उपयोगी पडते. जुना मॅनिफोल्ड उरतो तो बाहेरचा आकार, नळ्यांची वळणं आणि कास्टिंगवरची अक्षरं पाहण्यापुरता.

भोकांचा व्यास मात्र जुन्याचाच ठेवायचा. ८ मिमी स्टडला साडेनऊचं भोक पाहिलं की आजच्या माणसाला ते झिजलेलं वाटतं आणि तो ते 'सुधारतो'. पण बिडाचा ४०० मिमी लांब तुकडा ५०० अंश तापला तर सुमारे २.२ मिमी वाढतो. मध्यभाग धरून ठेवला तर प्रत्येक टोक १.१ मिमी बाहेर सरकतं. ती जागा मूळ आखणाऱ्यानं ठेवली होती. ती बंद केली की मॅनिफोल्ड ताणला जातो आणि पुन्हा तिथेच तडकतो. टोकाचे नट फार आवळू नयेत, हे जुने मिस्त्री सांगत त्यामागचं कारणही हेच.

पॅटर्न सागवानाचा. फेस करायच्या, म्हणजे मशिनवर सपाट करायच्या, बाजूला ३ मिमी माल जास्त, उभ्या बाजूंना दीड अंशाचा उतार, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळूची भिंत सोबत येते. ६० मिमी उंचीला हा उतार दीड मिलिमीटर होतो, म्हणजे तो जाडीत आधीच धरायला हवा. आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, घडवायचा कोअर बॉक्स लागतो, आणि खरं कौशल्य त्यात आहे. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून बॉक्समध्ये ठासतात, कार्बन डायऑक्साइड सोडला की मिनिटभरात कोअर दगडासारखा होतो. भिंत ४-५ मिमीचीच असते, त्यामुळे कोअर २ मिमी जरी सरकला तरी एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला ३ मिमी धातू. बाहेरून काही कळत नाही. कळतं ते वर्षभरानं, पातळ बाजू जळल्यावर. म्हणून कोअर प्रिंट, म्हणजे कोअरची टोकं साच्यात जिथे टेकतात त्या जागा, कंजुषी न करता लांब ठेवावेत, आणि पहिलं कास्टिंग सरळ करवतीनं कापून आत पाहावं. एक नग वाया जातो, मान्य. पण तो वाया गेला नाही तर बाकीच्यांबद्दल आपण नुसते अंदाज करत बसतो.

हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या इनलेट मॅनिफोल्डला आणखी एक दुखणं आहे. कोपऱ्यात चिकटलेली वाळू किंवा कोअरमधली तार आत राहिली तर ती सिलिंडरमध्येच जाते. चुंबक फिरवा, साखळी घालून हलवा, प्रेशरनं धुवा, मग पांढऱ्या फडक्यावर पाणी ओता. फडक्यावर एक कण दिसला तरी सगळं पुन्हा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात फाउंड्रीची कमतरता नाही. पण ते टनांत ओततात. आपला एकुलता पॅटर्न त्यांच्या दिवसभराच्या कामाच्या शेपटाला लागतो, आणि वाट्याला येतो लॅडलच्या, म्हणजे रस ओतायच्या डाव्याच्या, तळाचा गार झालेला रस. पातळ भिंतीत तो पोचेपर्यंत थिजतो. फ्लँजच्या कडेला अर्धवट गोलाई दिसली की समजावं. रस १३५० अंशांच्या वर हवा हे आधी बोलून घ्यावं, त्यांच्या ग्रेडच्या यादीतलं एफजी २०० किंवा २६० चालतं. पातळ कडा झटकन थंड झाली तर तिथे पांढरं, काचेसारखं बीड होतं, त्यावर ड्रिल नुसतं किंचाळतं. त्यासाठी ओतायच्या आधी लॅडलमध्ये चिमूटभर फेरोसिलिकॉन पडलेलं बरं. एकाऐवजी चार पेट्या भरून घ्याव्यात. एक कापायला, एक रद्दीत, एक गाडीवर आणि एक पुढच्या गाडीवाल्याला. कारण त्याचाही तडकलेलाच असतो. कास्टिंग आल्यावर लगेच अंतिम मापाला आणू नये. आधी खडबडीत माल काढावा, ५५० अंशांच्या आसपास भट्टीत तास-दोन तास ठेवून भट्टीतच गार होऊ द्यावं, मग शेवटचा फेस घ्यावा. हे टाळलं तर आज सपाट असलेला फेस चार फेऱ्यांनंतर केळ्यासारखा होतो.

आट्यांचं प्रकरण वेगळंच आहे. इंग्लिश गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या ब्रिटिश जाती, दोन्हींच्या आट्यांचा कोन ५५ अंश. नंतरच्या यूएनएफ-यूएनसीचा ६०. पाव इंचाला बीएसएफचे इंचाला २६ आटे, यूएनएफचे २८. पाव इंच व्हिटवर्थ आणि यूएनसी, दोन्हींचे २०. म्हणजे बोल्ट आत जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि कोन वेगळा असल्यानं फक्त टोकांवर टेकतो. अर्ध्या इंचाला मात्र १२ आणि १३, तिथे दोन-तीन फेऱ्यांत अडकतो आणि ताकदीचा मिस्त्री पान्ह्याला पाइप लावून तो 'बसवतो'. कार्ब्युरेटर आणि विजेच्या सामानावर बीए ही बारीक स्क्रूंची आणखी एक ब्रिटिश जात. कोन साडेसत्तेचाळीस अंश, शून्य नंबरचा बीए बरोबर ६ मिमी व्यासाचा आणि १ मिमी पिचचा. मीटर पट्टीवर तो एम-६ वाटतो, पण बाजारचा एम-६ एकच्या पिचचा असला तरी ६० अंशांचा.

यावर कळस म्हणजे जुन्या मॉरिस आणि एमजीची इंजिनं. मॉरिसनं हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला, मशिनरी फ्रेंच होती, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लिश मिस्त्रीच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टचं डोकं व्हिटवर्थ मापाचं. ही खिचडी एमजीच्या टी मालिकेत १९५५ पर्यंत चालली. डोक्यावर व्हिटवर्थचा पाना चपखल बसला म्हणून कोणी ८ मिमी बाय १च्या भोकात पाच सूत (५/१६ इंच) बीएसएफचा टॅप घातला की ब्लॉक गेलाच. पाच सूत म्हणताना तरी जपावं. एका दुकानात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दुसऱ्यात सोळावा. थ्रेड गेज दोन्ही घ्यावेत, इंचाचं आणि मेट्रिकचं, आणि उजेडासमोर धरून दातांमधून प्रकाश दिसतो का पाहावं. उजेड दिसला म्हणजे जात वेगळी.

गिअरमध्येही हीच जातिभेदाची भानगड. इंग्लिश आणि अमेरिकन गिअर डीपीत (व्यासाच्या दर इंचाला किती दात), आपल्याकडचे कटर बहुतेक मोड्यूलचे (दर दाताला किती मिमी व्यास). साधा सरळ दातांचा गिअर घ्या, ३२ दात. बाहेरचा व्यास ३.४ इंच, म्हणजे ८६.३६ मिमी निघाला, तर दातांत २ मिळवून ३४ला व्यासानं भागायचं, १० डीपी. मोड्यूलमध्ये तो २.५४. दुकानात २.५चा कटर पडलेला असतो आणि "तेवढं चालतं" हे वाक्य तयार असतं. अडीचनं कापला तर व्यास ८५ येईल. १६ दातांच्या जोडीदाराबरोबर केंद्रांतलं अंतर ६०.९६ऐवजी ६० हवं होईल. गिअरबॉक्सची भोकं काही एक मिलिमीटर जवळ येणार नाहीत. दात टोकावर टेकतील, रडतील, आणि शेवटी तुटतील. जुन्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये स्टब दात असतात, मुद्दाम बुटके ठेवलेले. त्यांना वरचं सूत्र लावलं की उत्तर कुठल्याच डीपीत बसत नाही. तसं झालं की व्यास सोडावा आणि तीन-चार दातांवरून स्पॅन, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या बाजूंमधलं अंतर, मोजावा. तोही कमीत कमी झिजलेल्या दातांवर, म्हणजे बहुधा रिव्हर्सच्या गिअरवर, कारण रिव्हर्समध्ये कोण किती चालवतं?

जुना भाग लहानच होतो असंही नाही. दरवाजाच्या मुठी, कार्ब्युरेटरची बॉडी, स्पीडोमीटरची चौकट, दिव्याच्या कडा, या बऱ्याचदा जस्ताच्या डायकास्ट असत. जुन्या जस्तात शिसं किंवा कथील किंचित जरी मिसळलेलं असलं तरी दाण्यांच्या सांध्यांतून ते आतून कुजतं. धातू फुगतो, तडकतो, शेवटी बिस्किटासारखा हातात येतो. मुंबईसारख्या उष्ण दमट हवेत हे लवकर होतं. १९२९च्या सुमारास अतिशुद्ध जस्ताची झामक मिश्रधातू आली तेव्हा हा रोग आटोक्यात आला. तोवरच्या मालाचं काही खरं नाही. असा फुगलेला नग मोजला तर माप मूळपेक्षा मोठं मिळतं. मग काहीजण हुशारीनं म्हणतात, फुगलाय तेवढाच आटेल, हिशेब बरोबर! नसतो. फुगणं सगळीकडे सारखं नसतं, जिथे माल जाड तिथे वेगळं, पातळ तिथे वेगळं. जिथे हा नग बसत होता ती पत्र्यातली खाच, शाफ्टचा चौकोन, स्क्रूची भोकं मोजा. मूठ पितळेत मेणाच्या साच्यानं ओतून घेतली की छान होते, फक्त जड होते, आतली स्प्रिंग थोडी कडक लागते. क्रोमिंगच्या आधी आट्यांना मेण किंवा रबरी बूच लावावं, नाहीतर तांबं, निकेल, क्रोम असे तीन थर चढून स्क्रू आत जाणार नाही.

रबराची साक्ष तर सगळ्यात वाईट. दरवाज्याचं बीडिंग चपटं होऊन बसलेलं, कडक, आखूड. त्याचा छेद कागदावर उतरवून एक्स्ट्रूजनवाल्याला दिला की दरवाजा लागतो सहज, आणि पाऊसही येतो सहज. चौकट आणि दरवाजा यांच्यातली फट प्लास्टिसिनचे गोळे दाबून दहा-बारा ठिकाणी मोजावी, आणि स्पंजचं बीडिंग तिथे तिसरा हिस्सा तरी दबेल इतकं जाड घ्यावं. साच्यात भाजून काढायच्या रबराला दीड-दोन टक्के आटणी असतेच. रबराची जात चुकली तर माप बरोबर असून उपयोग नाही. ब्रेकच्या कपाला ईपीडीएम चालतं, नायट्राइल ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. पेट्रोलला उलट, नायट्राइल चालतं आणि ईपीडीएम फुगतं. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतं. त्यात गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या जुन्या डायफ्रामला, कॉर्कच्या पॅकिंगला आणि नळ्यांना घोर लागतो. नव्यानं बनवतच असाल तर व्हिटॉन घ्या, महाग पडतो पण दर पावसाळ्यानंतर टाकी उतरवण्यापेक्षा स्वस्त.

व्हाइट मेटलचं बेअरिंग ओतणारे हात आता कमी राहिलेत, म्हणून त्यावर थोडं जास्त. कथील ८९, अँटिमनी साडेसात, तांबं साडेतीन, हे नेहमीचं प्रमाण. कनेक्टिंग रॉडच्या पोटाला आधी कल्हई. नवसागर, कथील आणि स्वच्छ धातू, भांड्याच्या कल्हईचंच शास्त्र. कल्हई चकाकत ओली असतानाच रस पडला पाहिजे, ती थिजली की वरचा थर नुसता चिकटल्यासारखा बसतो. रस ४२५ अंशांच्या आसपास. पायरोमीटर नसेल तर देवदाराची काडी बुडवून पाहतात, काडी तपकिरी करपली पण पेटली नाही तर ठीक. फार तापवलं तर कथील जळतं, आणि गार व्हायला उशीर झाला तर कथील-अँटिमनीचे आणि कथील-तांब्याचे खडे वेगळे होतात. मधली मँड्रेल (भोकाची जागा राखणारा दांडा), बुजवायची माती, चिमटा, सगळं कोरडं ठणठणीत हवं. पाण्याच्या एका थेंबानं वितळलेला धातू तोंडावर उडतो. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी यांवर घासाघीस नको. गार झाल्यावर रॉड टांगून टिचकी मारावी. घंटेसारखा वाजला तर जोड धरलाय, मडक्यासारखा वाजला तर पुन्हा वितळवा. ४० मिमीच्या जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) ०.०४ मिमी मोकळीक पुरे, आणि ती रीमरनं नाही, निळा लावून स्क्रेपरनं आणायची. इथे जुन्या बेअरिंगला काहीही विचारू नये. माप क्रँकच्या जर्नलचं, तेही चार बाजूंनी, कारण जर्नल अंडाकृती झालेलं असतं आणि आधी क्रँकच ग्राइंड करायला लागतो.

थ्रीडी स्कॅनरनं यातलं काही सुटेल असं वाटतं. सुटतं ते वाकड्यातिकड्या बाह्याकाराचं. डिकीच्या झाकणावरचं चिन्ह, बोनेटवरची मूर्ती, मॅनिफोल्डची वळणं, यांना स्कॅनसारखं साधन नाही. पण स्कॅनर झीजही तितक्याच निष्ठेनं टिपतो. बुशचं अंडाकृती भोक तो अंडाकृतीच देतो. स्कॅनवर पुन्हा कॉम्प्युटरमध्ये खरी वर्तुळं, खऱ्या सपाट पातळ्या बसवाव्या लागतात, आणि बसवताना विचारावं लागतं की हे ३१.६ मूळचं सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ असेल का? इंग्लिश गाडीवर असं गोल इंचाचं उत्तर जवळ असेल तर बहुतेक तेच खरं. प्लास्टिकचा प्रिंट पॅटर्न म्हणून चालतो, आटणीचा टक्का सॉफ्टवेअरमध्येच वाढवता येतो. फक्त थरांच्या रेघा पुट्टी-पॉलिशनं घालवाव्यात, नाहीतर प्रत्येक रेघ वाळू धरून ठेवते.

स्टिअरिंगचे हात, स्टब अ‍ॅक्सल, ड्रॅग लिंक या गोष्टी मात्र कोणी ओतून देतो म्हणाला तर तिथून उठावं. ते घडीव पोलादाचं काम आहे. ईएन-२४चा घडीव तुकडा, मशिनिंग, हीट ट्रीटमेंट आणि शेवटी चुंबकीय तडा-तपासणी. मागचं चाक फिरवणारा जुना हाफ शाफ्ट तुटलेला असेल तर तो नेमका कुठे तुटला ते भिंगानं पाहावं. बहुधा स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या लांब खाचा, जिथे संपतात त्या धारदार कोपऱ्यात. नव्यात तिथे दीड-दोन मिमीची गोलाई द्यावी. इथे मूळ आखणाऱ्याची नक्कल करणं म्हणजे त्याची चूकही पुन्हा बनवणं.

मूळपणाचा प्रश्न कागदावरही येतो. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेची नोंदणी मिळते. इंजिन आणि चॅसिसवरचे नंबर म्हणूनच पॉलिशवाल्यापासून वाचवावेत, फेस घेताना तिथे टेप लावावी. आणि नवा भाग जुना म्हणून खपवू नये. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची, फिवाची ट्युरिन सनद नव्यानं बनवलेल्या भागावर कायमची पण डोळ्यांत न खुपणारी खूण ठेवायला सांगते. मॅनिफोल्डच्या आतल्या बाजूला, जिथे फक्त पुढचा मिस्त्री हात घालील तिथे, पंचनं साल ठोकायला दोन मिनिटं लागतात.

पॅटर्नवरही लिहायला विसरू नये. कुठल्या धातूसाठी, किती आटणी धरली, मशिनिंगचा माल कुठल्या बाजूला, मापं ब्लॉकवरून घेतली की नगावरून. सागवानी मास्टरवरून आधी ॲल्युमिनियमचा पॅटर्न आणि त्यावरून बीड ओतायचं असेल तर मास्टरमध्ये दोन्ही आटण्या हव्यात, १.३ अधिक १. हे लिहिलेलं नसलं की वीस वर्षांनी माळ्यावरून तो पॅटर्न काढणारा माणूस कॅलिपर लावतो, काहीतरी २.३ टक्के मोठं आहे असं त्याला दिसतं, आणि तो रंधा हातात घेतो.